मंदाताईंचे काळे बूट

फोन आला तेव्हा मी लसीकरणाच्या खोलीत होते. समोर एक बाळ जीव खाऊन रडत होतं, त्याची आई त्याच्याहून मोठ्यानं रडायच्या बेतात होती आणि टेबलावर माझा फोन थरथरत होता. मंदाताईंच्या घरचा नंबर. मनात म्हटलं, थांबा जरा बाई, एवढ्या लेकराला टोचून घेते. रिटायर झाल्यापासून त्यांचा सकाळचा फोन ठरलेलाच. डब्यात काय नेलंस, पाय सुजलेत का, नवा डॉक्टर शहाणा आहे का येडा... बाळ गप्प झाल्यावर मी उलटा फोन लावला, तर त्यांची सून बोलली. "मावशी, आई गेल्या. झोपेतच गेल्या." मी खुर्चीत बसले, आणि का कोण जाणे, माझी नजर माझ्याच पायांकडं गेली. आमच्या दोघींच्या मैत्रीत सगळ्यात जास्त बोलणं झालं असेल तर ते पायांवर.

मंदाताई आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीतल्या सिस्टर. मी नवीन लागले तेव्हा नवरात्र चालू होतं आणि ही उंच, रुंद हाडाची बाई पांढऱ्या कपड्यात अनवाणी धावत होती. मी तोंडाळ, मला राहवतंय होय? विचारलं, "सिस्टर, तुमची चप्पल चोरीला गेली का?" त्या जोरात हसल्या. म्हणाल्या, "चोरीला न्हाय, देवीला दिली." मग नंतर चहा घेताना सांगितलं. त्यांचा महेश जन्मला तेव्हा रडलाच नव्हता. स्वतः नर्स असलेल्या बाईनं टेबलावर पडल्या पडल्या येरमाळ्याच्या येडाईला हाक मारली होती... ह्याला जगव, हा जिवंत आहे तोवर तुझ्या नवरात्रात पायात काही घालणार न्हाय. महेश रडला. तेव्हापासून दर नवरात्रात मंदाताई अनवाणी. आमच्या भागात त्यात कुणालाच नवल नाही. त्या दिवसांत रस्त्यावर बघावं तर निम्म्या बायांच्या पायात काही नसतं.

पण त्या बाया बाळंतपणाच्या खोलीत उभ्या नसतात. तिथली फरशी कधी कोरडी म्हणून नसते. पाणी असतं, रक्त असतं, फिनेल असतं, आणि गडबडीत खाली पडलेलं काय काय असतं. त्यात पुढं मंदाताईंना साखर निघाली आणि हळूहळू तळपाय बधिर झाले. एका नवरात्रात त्या वॉर्डातून माझ्याकडं चालत आल्या आणि त्यांच्या मागं फरशीवर लाल ठिपके. इंजेक्शनच्या फुटक्या बाटलीची काच टाचेत रुतलेली, आणि बाईला पत्ता नाही! मी ओरडले, तर म्हणतात कशा, "अगं, रक्त कुनाचं पडलंय बघ जरा." ती जखम भरता भरता दिवाळी होऊन गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा अशी जखम झाली तर पाय जाईल. आणि पायात नीट बूट घालून उभं राहता येत नसेल तर बाळंतपणाची खोली बंद, औषधांच्या भांडारात बसायचं. पाय जाईल म्हटल्यावर मंदाताईंनी नुसती मान हलवली. भांडारात बसायचं म्हटल्यावर मात्र त्यांच्या डोळ्यात पाणी आलं.

मग आमचा बूट शोधायचा उद्योग सुरू झाला. तुम्ही म्हणाल, बूट ते काय, दुकानात जायचं आणि घ्यायचे. अहो, त्या पायाला बसला पाहिजे ना! पंजा रुंद, अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं, पायावर सूज. बायकांचे बूट पुढं निमुळते, ते त्या हाडाला घासायचे. शाळेचे पांढरे कॅनव्हास आणले, ते ओले झाले की दिवसभर ओलेच. पट्ट्याच्या सँडलवर वरून काहीही पडणार. आणि एक चूक आम्ही पुन्हा पुन्हा केली, जी आमच्याच धंद्यातल्या बाया करतात. सुट्टीच्या दिवशी, आराम झालेला पाय घेऊन, सकाळी सकाळी बूट घ्यायला जायचं. दुकानात बूट कसा झकास बसायचा! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ड्यूटीत पाय फुगला की त्याच बुटात कोंबल्यासारखा. असे घेतलेले जोड मंदाताई वाटून टाकायच्या. दवाखान्यातल्या अर्ध्या मावश्यांच्या पायात आमच्या फसलेल्या खरेद्या होत्या.

शेवटी मीच वैतागले. म्हटलं, "ताई, आता ड्यूटी संपली की तशाच चला, सुजलेल्या पायानं." संध्याकाळची एसटी पकडून आम्ही धाराशिवला शब्बीरभाईंच्या दुकानात गेलो. मंदाताईंनी कपाटातले सगळे जोड खाली काढायला लावले. मग म्हणाल्या, "भाई, जरा पानी आना." ते बिचारे थंडगार पाणी घेऊन आले. "प्यायला न्हाय, सांडायला." शब्बीरभाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. या बाईनं खरंच तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं आणि एकेक बूट घालून त्यावर चालू लागली. नुसतं चालणं नाही. उकिडवं बसायचं, झटक्यात उठायचं, दारापर्यंत पळायचं. "सुलभे, तू पेशंट हो," म्हणाल्या. मी बाकड्यावर आडवी! दुकानातली गिऱ्हाइकं खरेदी सोडून आमच्याकडं बघत होती. शब्बीरभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "ताई, बूट घेताय का माझी फरशी तपासताय?" आणि मग तेच आतून एक काळा जोड घेऊन आले. पुढून बंद, पंजाला ऐसपैस, रबरी तळ, वर चिकटपट्टी, पाय सुजला की सैल करायची. "जेन्ट्सचा आहे पण," म्हणाले. मंदाताईंनी पाय घातला, पाण्यात उभ्या राहिल्या, डोळे मिटले. "पायाला काय कळतंय भाई, जेन्ट्स का लेडीज." इन्चार्ज सिस्टर पांढऱ्याच बुटासाठी कुरकुरल्या, मग गप बसल्या. बाळंतपणाची खोली शाबूत राहिली.

आणि पुढच्या घटस्थापनेला बघते तर काय, काळे बूट दाराबाहेर फळीवर आणि बाई पुन्हा अनवाणी. माझं डोकंच फिरलं. "एवढं पानी सांडलं ते कशाला? पाय तोडून घ्यायचाय का?" मी वॉर्डातच सुरू झाले. त्या शांतपणे म्हणाल्या, "नवस हाय, सुलभे. महेश समोर जिता दिसतोय. आता शब्द फिरवू का?" मी चिडून बोलून गेले, "मग मी चालते अनवाणी तुमच्या वाटचं! माझी ड्यूटी लसीकरणाला, तिथं फरशी कोरडी. माझे पाय धड आहेत. तुम्ही घाला बूट." "असं असतंय व्हय कुठं? नवस काय उसना देतेत का?" मी काही फार देवधर्म करणारी बाई नाही, पण हट्टाला पेटले होते. म्हटलं, चला, जिला शब्द दिलाय तिलाच विचारू.

दुसऱ्या दिवशी आम्ही येरमाळ्याला गेलो. देवळाच्या पायऱ्यांशी देवीची सेवा करणारी एक म्हातारी आराधीण बसली होती, गळ्यात कवड्यांची माळ, पुढ्यात परडी. मंदाताईंनी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. साखर, काच, डॉक्टर, सगळं. आराधिणीनं त्यांचा पाय हातात घेऊन टाचेवरचा व्रण बघितला. "अगं माय माझे," म्हणाली, "घरच्या मानसानं फेडला तर नवस फिटतोय की. येडाईला काय तुझा पाय खायचाय व्हय?" मग माझ्याकडं बोट केलं. "पर ही तुझी कोन?" आमची जात वेगळी, गाव वेगळं, आडनाव वेगळं, सांगायचं काय? मंदाताई मात्र क्षणभरही थांबल्या नाहीत. "बहीण हाय माझी. पाठची." आराधिणीनं दोघींच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. मी तिथंच चप्पल काढली. मला सख्खी बहीण नाही. परत येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर दर नवरात्रात त्या बुटात आणि मी अनवाणी. खडे टोचायचे, दुपारी डांबर भाजायचं, मी मनसोक्त शिव्या घालायचे. त्या रोज संध्याकाळी माझ्या घरी येऊन माझे तळवे बघायच्या, कोमट पाण्यात धुवायच्या, खोबरेल लावायच्या. मी लाजून पाय ओढून घ्यायचे, तर दटावायच्या, "गप बस. पाय माझेच हायत ते." रिटायर होईपर्यंत त्या बाळंतपणाच्या खोलीत उभ्या राहिल्या. रिटायर झाल्यावरही बूट बदलले नाहीत. तळ झिजला की शब्बीरभाईंकडून बसवून आणायच्या.

त्या गेल्या त्याला काही आठवडे झाले आणि नवरात्र आलं. घटस्थापनेच्या सकाळी मी सवयीनं चप्पल फळीखाली सरकवली आणि दार उघडलं, तर दारात महेश. कानशिलावर पांढरे केस आलेला आमचा महेश, अनवाणी. हातात पिशवी, पिशवीत काळे बूट. "मावशी, आता मी चालणार. माझ्याच जिवाचा नवस हाय ना? तुम्ही लई दिवस चाललात." मी भडकले. "आई गेली म्हणून माझं काम काढून घ्यायला आलास व्हय रे?" तो खाली बसला, बूट माझ्यापुढं ठेवले, चिकटपट्ट्या उघडल्या. "आईनंच सांगून ठेवलं होतं," म्हणाला, "मी गेले की सुलभाचे पाय मोकळे कर."

मला रडू आवरलं नाही. मोज्यांचे दोन जोड चढवून मी ते बूट घातले. तरी सैलच. डाव्या बुटाला आत अंगठ्याजवळ खळगा पडलाय, मंदाताईंच्या त्या हाडाचा. माझा अंगठा तिथं पोचत नाही. तशीच दवाखान्यात निघाले. रस्ता नेहमीचा, खडीही नेहमीची. पायाला एकसुद्धा खडा टोचला नाही, आणि संध्याकाळी घरी येऊन बूट काढले तेव्हा तळवे कोरे, धुवायला काही नव्हतंच. तरी मी पाणी कोमट केलं आणि घमेल्यात पाय सोडून बराच वेळ बसून राहिले.