देवांचे फ्लेक्स छापताना

आमच्या दुकानात एक कोपरा आहे. फ्लेक्सच्या कापलेल्या कडा, छपाईत बिघडलेले तुकडे, कुणी न्यायलाच न आलेले वाढदिवस, सगळं तिथं जाऊन पडतं. रोज आवरा, रोज वाढतं. किस्स्यांचंही तसंच झालंय. मी सांगायला बसले की मैत्रिणी म्हणतात, "वैशाली, मजा आहे बुवा तुमच्या दुकानात!" मजा आहे खरी. पण ज्या गोष्टीला त्या हसतात, त्याच गोष्टीनं त्या दिवशी माझे हातपाय गार पडलेले असतात.

दुकान वाशीमला, बसस्टँडपासून जवळच. दिलीपभाऊ मालक. सलीमभाई मशीन चालवतात. संतोष फ्लेक्स फ्रेमवर ताणतो आणि खांबावर चढून बांधतो. मी कॉम्प्युटरवर डिझाइन करते. नवरात्र, उरूस, जयंत्या, महाप्रसाद, सगळ्यांचे देव आणि सगळ्यांचे नेते माझ्या स्क्रीनवरून जातात. लग्नपत्रिकेत चूक झाली तर पाहुणे हसतात. आमच्याकडे झाली तर पोलीस येतात. आणि ते सगळ्यात शेवटी येतात, ही खरी भानगड!

बाकीच्या बायकांना नवरे संध्याकाळी विचारतात, "आज काय केलं जेवायला?" माझा दारातच विचारतो, "आज काय छापलं?"

* * *

एकदा उरसाचा फ्लेक्स आला. वरती उर्दूतली ओळ, खाली मराठी मजकूर. ओळ कॉम्प्युटरवर घेतली तर सगळी अक्षरं सुटी सुटी होऊन उलट्या दिशेनं रांगेत उभी राहिली. शेवटी मी ग्राहकानं दिलेल्या कागदाचाच फोटो काढून जसाच्या तसा चिकटवला. पण एखादा ठिपका उडाला असेल तर? मला काय कळणार?

"सलीमभाई, बघा ना जरा बरोबर आहे का."

सलीमभाईंनी जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. मग म्हणाले, "ताई, मले काय समजते? मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो. कविता म्हणून दाखवू का?"

मी हसले. ते हसले नाहीत. "तुमच्या हातून चुकलं तं चूक म्हणतीन. माह्या हातून चुकलं तं..." एवढं बोलून ते मशीनकडं निघून गेले.

ग्राहकाकडून मौलानांचा नंबर घेतला आणि त्यांना फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. जेवणाची वेळ गेली, उत्तर नाही. मला वाटलं, संपलं, आता माणसंच येणार. चहाच्या सुमाराला व्हॉइस मेसेज आला. तो लावायची कुणाची हिंमत होईना. शेवटी दिलीपभाऊंनी डोळे मिटून बोट ठेवलं.

"सलाम. बाई, वरचं सगळं बराबर हाये. पण खाली मराठीत 'शुभेच्या' लिवलं तुमी. ते 'शुभेच्छा' असते. नीट करा, लोकं नावं ठेवतीन!"

* * *

सण झाले की उतरवलेले फ्लेक्स आमच्याकडून लोक घेऊन जात. कुणी कांद्यावर टाकी, कुणी कडब्यावर. शेलूबाजारकडची कौसल्यामावशी मेथी-वांगी पिकवून बाजारात विकते. तिनं एक फ्लेक्स नेला आणि बकऱ्यांच्या गोठ्यावर टाकला. त्यावर देवाचा हा एवढा मोठा चेहरा होता.

एक दिवस बाहेरगावची पोरं मोटरसायकलींवर आली. मोबाईलचा कॅमेरा सुरू करूनच उतरली. "आजी, बकऱ्याच्या गोठ्यावर देव? लाज नाही वाटत तुले?"

मावशी गोठ्याच्या दारात उभी राहिली. "काहून रे बावा? एवढा पाऊस आला, तं देवच आडवा झाला. तुमी आले होते का?"

मग त्यातल्या एकानं दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्स काढून नेला. ओढाताणीत मावशीचं मनगट लचकलं. गोठ्यावर टाकायला मात्र कुणी काही दिलं नाही. रात्रभर बकऱ्या भिजल्या.

मावशी दुकानात आली. मनगटाला फडकं बांधलेलं. "बिनादेवाचा फ्लेक्स दे वं माय."

शोध शोध शोधला. बिनादेवाचा एक सापडला, तो पुढाऱ्याचा होता. दिलीपभाऊ घाईनं म्हणाले, "तो नको! त्याचे लोकं तं अजून लवकर येतीन!" शेवटी तिला कोरं पांढरं कापून दिलं.

ती गेल्यावर दिलीपभाऊ विचारात पडले. मग आतून काळ्या रंगाचा डबा घेऊन आले. "आता असं करू. जुना फ्लेक्स देण्याच्या पहिले चेहऱ्यावर रंग मारू. म्हणजे कोणाचा कोण ते समजणारच नाही. सलीम, घे ब्रश."

सलीमभाईंनी ब्रशकडं पाहिलं, मग भाऊंकडं पाहिलं.

"भाऊ, देवाच्या तोंडाले काळं फासू? मी? सलीम?"

दिलीपभाऊंनी तिथल्या तिथं डब्याचं झाकण लावलं. वर बसून ठोकलं!

* * *

भडक मजकूर घेऊन कुणी आलं की दिलीपभाऊ 'नाही' कधीच म्हणत नाहीत. 'नाही' म्हणणाऱ्याचं नाव लक्षात राहतं. ते कागद हातात घेतात, मान डोलावतात, "जबरदस्त लिवलं!" म्हणतात आणि कपाळाला हात लावतात. "पण मशीन बिघडली ना बाप्पा. अकोल्यावरून माणूस येणार हाये."

या बाजूचे आले तरी मशीन बिघडते, त्या बाजूचे आले तरी बिघडते. गावात एखाद्या आठवड्यात वातावरण तापलं की आमची मशीन आजारीच असते, आणि त्याचा अर्थ एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालाय.

मग एकदा ती खरंच बिघडली. त्याच दिवशी शिरपूर जैनहून एक गृहस्थ आले, मुलीच्या लग्नाचा स्वागताचा फ्लेक्स करायला. भाऊ म्हणाले, "मशीन बिघडली हाये हो."

गृहस्थांचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "जावयाच्या नावात काही गडबड हाये का? आमाले सांगा. अजून साखरपुडाच झाला!"

* * *

काशीनाथकाका टपालखात्यातून निवृत्त झालेले. कविता करतात. त्यांची बायको दवाखान्यात वारली तेव्हा त्यांनी एक कविता लिहिली, देवाशी भांडणारी. एका छोट्या कविसंमेलनात ते ती वाचणार होते. फ्लेक्सवर त्यांच्या नावाखाली कवितेचं शीर्षक छापलं होतं. शीर्षक मी इथं सांगत नाही. मलाही या गावात राहायचं आहे.

फ्लेक्स लागला आणि काकांच्या घरी माणसं गेली. नुसती दारात उभी राहिली आणि शाळेत शिकवणाऱ्या सुनेला एवढंच विचारलं, "तुमची शाळा कोणती हो? किती वाजता सुटते?"

काकांनी त्याच दिवशी कळवलं, कविता वाचणार नाही.

कार्यक्रमाला मी गेले होते. काका माइकसमोर आले. म्हणाले, "ही कविता माझ्या बायकोची आहे." आणि पुढं काहीच बोलले नाहीत. उभे राहिले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. माझ्या शेजारची बाई पदरानं डोळे पुसायला लागली. मग काकांनी नमस्कार केला आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी आयोजकांकडं तीच माणसं! "भावना दुखावल्या."

"अहो, पण ते तर काहीच बोलले नाहीत!"

"तेच ना! काय नाही बोलले ते आमाले बराबर समजते!"

माफीचा व्हिडिओ पाहिजे म्हणाले. काका आमच्या दुकानात आले, कारण मागे पांढरं बॅकग्राउंड पाहिजे होतं. मी कोरा फ्लेक्स भिंतीला लावला. संतोषनं मोबाईल धरला. मी काकांना हात मागे बांधून उभं राहायला सांगितलं. त्यांनी मान खाली घालून माफी मागितली. कशाबद्दल, ते व्हिडिओत आलंच नाही.

संतोष म्हणाला, "काका, कायची माफी ते सांगा ना. लोकं विचारतीन."

काका म्हणाले, "ते सांगायचं तर कविता म्हणावी लागेल रे बाबा."

* * *

सलीमभाई आता स्टेटस ठेवत नाहीत. ईदला नाही, दिवाळीला नाही, मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही नाही. गावात कुजबुज सुरू झाली की मोबाईलच घरी ठेवून येतात. मी म्हटलं, "वहिनींना काही लागलं तर?"

"तिले दुकानाचा नंबर पाठ हाये. ताई, मी बोललो तं मले ठाऊक असते मी काय बोललो. फोन काय बोलते ते मले ठाऊक नसते."

* * *

आणि हे संतोषचं.

सलीमभाई आणि संतोष रोज एका डब्यात जेवायचे. संतोषच्या घरची भाकर, सलीमभाईंकडची भाजी. त्या दिवशी सलीमभाई मशीनमागे एकटेच जेवायला बसले. संतोष डबा घेऊन दोनदा त्यांच्याजवळ जाऊन आला. ते "भूक नाही" म्हणाले, आणि खात होते.

"काय झालं यायले?" संतोषनं मला विचारलं. मला माहीत नव्हतं.

कळलं थोड्या वेळानं. संतोषनं सकाळी एक व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता. सलीमभाईंच्या धर्माबद्दल. अतिशय घाण. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "पुरा पाह्यलाच नाही म्या. गावच्या ग्रुपवर आला, टाकून देल्ला." आणि घाईघाईनं डिलीट केला. पण तोवर तो कुठं कुठं पोचला होता.

दिलीपभाऊ माल आणायला अकोल्याला गेले होते. दुकानात आम्ही तिघंच. आधी रस्त्यावरचे ऑटो निघून गेले. मग समोरच्या चहावाल्यानं गॅस बंद केला. मग जमावाचा आवाज आला. संतोष फ्लेक्सच्या रोलमागे जाऊन बसला. मी शटर ओढायला लागले, ते निम्म्यावर अडकलं.

दगड शटरवर आदळला. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. रोलमागून संतोष म्हणाला, "ताई, माह्या मायले फोन लावा." अगदी लहान आवाजात.

सलीमभाईंनी हात पुसले आणि शटरखालून वाकून बाहेर गेले. मला फक्त पाय दिसत होते. त्यांच्या चपला आणि समोर खूप चपला-बूट.

"सलीमभाई, बाजूले व्हा. अंदर हाये का तो?"

"हाये."

हे काय बोलले?

"मंग द्या आमच्याकडं!"

"काहून देऊ? तुमाले दुखलं, मले नाही दुखलं? तुमी तो व्हिडिओ पाह्यला. मी रोज त्याच्या ताटात जेवतो." सलीमभाईंचा आवाज फाटला. "मी तक्रार देऊन राह्यलो. आता. ठाण्यात. ज्याले याचं असन त्यानं मांगं या, सही करा."

"तक्रारीनं काय होते?" हा आवाज त्यांच्या मेहुण्याचा होता, मी ओळखला.

"अन् हातानं काय होते? हात लावायचा तं पहिले मले लाव. मंग सांग, मी कोणाच्या नावानं तक्रार देऊ? त्याच्या का तुह्या?"

कुणीतरी शिवी दिली. पण समोरचा एक बूट मागे सरकला. मग आणखी एक.

सलीमभाई वाकून आत आले. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. रोलकडं पाहून म्हणाले, "चाल. उठ." संतोष उठेना. त्यांनी त्याला दंडाला धरून उभं केलं, बाहेर नेलं आणि मोटरसायकलवर मागे बसवलं. गर्दी दोन्हीकडं उभी होती. संतोषनं डोळे मिटून दोन्ही हातांनी सलीमभाईंची कंबर धरली होती. मला तिथं एकटीनं थांबायची हिंमत नव्हती. दुकान तसंच उघडं टाकून मी स्कूटीवर त्यांच्या मागे निघाले.

ठाण्यात मी पोचले तेव्हा सलीमभाई टेबलासमोर उभे होते. टेबलामागच्या हवालदारांनी विचारलं, "काय झालं?"

"साहेब, तक्रार द्यायची हाये. आमच्या धर्माचा अपमान केला. लय घाण व्हिडिओ टाकला. मले लय दुखलं साहेब." ते रडत होते.

"कोणी टाकला?"

सलीमभाईंनी संतोषचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

हवालदारांनी पेन उचललं. "कुठं हाये तो आता? पळून गेला असन ना?"

सलीमभाईंनी बाहीनं डोळे पुसले.

"नाही साहेब. बाहेर हाये. माही गाडी स्टँडवर लावून राह्यला."