वहीची मागची पानं

आमच्या कॉलेजात दोनच सर्व्हर. निकाल, ग्रंथालय, हजेरी अशा कामांचे सात आभासी, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरने बनलेले, संगणक त्यांच्यात नांदतात. रविवारी मला आणि माझ्या वरिष्ठ जोशीबाईंना या सर्व्हरचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं आणि सोमवारी निकाल लागणार होता. आराखडा लिहायला बसलेल्या बाईंनी वही चक्क मागून उघडली.

"आधी परत कसं यायचं ते लिहू."

शाळेत मागच्या पानांवर आम्ही कच्ची गणितं करायचो. बाई तिथे परतीची वाट आखत होत्या: बिघडलं तर जुनी प्रत, तीही नाही चालली तर तोवर हात न लावलेला दुसरा सर्व्हर. बघता बघता माझी भीती ओसरली आणि जत्रेला निघाल्यासारखं वाटू लागलं! परतीची खात्री असली की माणूस किती बेधडक होतो!

बाईंनी वही उलटून माझ्यापुढे सरकवली. "घे, पहिलं पान तुझं. जायचं कसं ते तू लिही."

इतकं कोरं पान मी कधीच पाहिलं नव्हतं.