हेल्मेट

आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा गृहस्थ घरातही हेल्मेट घालूनच वावरतो. "पाच मिनिटांचं काम राव, काढायचं कशाला?" म्हणतो आणि काच वर करून एखाद्या अंतराळवीरासारखा टेबलाखाली शिरतो. चहा विचारला की ठरलेलं उत्तर, "न्हाई, चाकणला कंपनीत जायचंय."

परवा माझं जुनं कॉम्प्युटरचं धूड भंगारात निघालं. आम्ही पिंपळे सौदागरला राहायला आलो, तेव्हाचे फोटो त्यातच होते. पेनड्राइव्हवर घ्यायला गेलो तर कॉपी पुढे सरकेना, म्हणून त्याला बोलावलं.

"यूएसबीचा ड्रायव्हरच उडालाय, रांगणारच!" त्याने ड्रायव्हर टाकला. "पुढचं पोर्ट मंदच राहणार, मागं लावतो."

मागच्या पोर्टात फोटो धावू लागले. नीट आलेत का बघायला त्याने एक उघडला. आमच्या बाल्कनीतून काढलेला. आज समोर टॉवर आहे, तिथे कांद्याचं हिरवंगार रान आणि बांधावर डोक्यावर पाटी घेतलेली बाई.

हेल्मेट जागच्या जागी थांबलं.

"आमचं रान हाय हे," तो हळूच म्हणाला. "आन् ही आमची आई. रानातला तिचा एक फोटो न्हाई आमच्याकडं."

"सगळे घेऊन जा की भाऊ. दोन मिनिटांत होतील."

त्याने खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढला आणि मुद्दाम पुढच्या, मंद पोर्टात लावला. पडद्यावर आकडा आला, दोन तास.

मग त्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. केस पार पिकले होते, आणि मला आजवर पत्ता नव्हता.

"आता टाका चहा," तो म्हणाला आणि पुढचा फोटो उघडला.