अ‍ॅसिटोनचा थेंब

आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांचं नाव विचारायचं मला कधी धाडस झालं नाही. ते आम्हा पोरांपेक्षा बाटल्यांशीच जास्त बोलतात. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिथेच घोकत होतो, अ‍ॅसिटोनपेक्षा पाण्याचा रेणू हलका, म्हणून पाणीच आधी उडणार. घरी चूक दाखवणारं कुणी शिकलेलं नव्हतं.

मामांनी ते ऐकलं. माझ्या एका हातावर पाण्याचा थेंब टाकला, दुसऱ्यावर अ‍ॅसिटोनचा. अ‍ॅसिटोनचा हात गार पडला आणि थेंब बघता बघता उडाला.

"हलकं असून काय करतंय? पाण्याचे रेणू एकमेकाला लय घट्ट धरून हायत."

परीक्षा प्रयोगशाळेतच होती आणि तोच प्रश्न आला. मी नीट सांगितलं.

"कुणी शिकवलं?" परीक्षकांनी विचारलं.

मी बिचकत मामांकडे बोट दाखवलं. चंबू धुता धुता ते परीक्षकांना म्हणाले, "मी नुस्ता थेंब टाकला, सायेब. बघितलं त्यानंच."