शिवलेली दहा पानं

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. भुतं, संकेत, अंगात येणं वगैरे कोणी सुरू केलं की मी सरळ मोबाईल काढून बसते. खराडीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. समोरचा म्हणाला "आपोआप झालं", की "आपोआप काही होत नसतं, आधी काय काय केलंत त्या स्टेप्स सांगा" असं म्हणायचाच मला पगार मिळतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण लिहिते.

गोष्ट माझ्या दादाची आहे. प्रशांतदादा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आई, दादा आणि मी, तिघं पुण्यात विश्रांतवाडीत राहतो. आम्हा भावंडांना लहानपणापासून एकच व्यसन — जाडजूड कादंबऱ्या. त्यातही फँटसी, विज्ञानकथा, थ्रिलर. परग्रह, जादूचे दरवाजे, सहाशे पानं... लोकांना बघूनच घाम फुटतो, आम्हाला भूक लागते. आणि हल्ली तर मराठीतही इतकं झकास काहीतरी येतंय की विचारू नका.

पण दादाला एक अत्यंत घाणेरडी खोड. तो शेवटचं पान आधी वाचतो. वाचून गप्प बसेल तर शपथ! मी पुस्तकाच्या निम्म्यात असताना जेवायला बसल्यावर म्हणणार, "खून डॉक्टरने केलाय हं. आमटी वाढ." मी नऊ वर्षांची असताना यावरून इतकं भोकाड पसरलं, की आईने वैतागून सुईदोरा आणला आणि पुस्तकाची शेवटची दहा पानं कडेने शिवून टाकली. "आता दोघांनी वाचत वाचत इथपर्यंत या, मग उसवा." तेव्हापासून आमच्याकडे नवं पुस्तक आलं की आधी शिवलं जातं, मग वाचलं जातं. हसा खुशाल.

मागच्या वर्षी दादाला स्ट्रोक आला. वय एक्केचाळीस. हिंजवडीला ऑफिसमध्ये खुर्चीतच कलंडला. जीव वाचला, हळूहळू चालायलाही लागला, पण वाचा गेली. अक्षरं ओळखू येईनात. आमचं बोलणं त्याला बऱ्यापैकी समजायचं, पण तोंडातून एक शब्द फुटेना.

स्पीच थेरपीच्या मॅडम घरी यायच्या, चित्रांची कार्डं दाखवायच्या. कप. पंखा. मांजर. दोन दिवसांत सहाशे पानं फस्त करणारा माणूस त्या मांजराकडे बघून डोळे मिटून घ्यायचा. सातव्या महिन्यात त्याने कार्डं ढकलून दिली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मॅडम दाराबाहेर मला म्हणाल्या, "अहो, त्यांनी स्वतःच सोडून दिलं ना, तर आपल्या हातात फारसं काही राहत नाही. त्यांना मनापासून काय आवडतं?"

त्याच शुक्रवारी आमच्या लाडक्या फँटसीचा तिसरा, शेवटचा भाग बाजारात आला. पहिले दोन आम्ही एकत्र वाचलेले. नायिकेने सहा दरवाजे उघडलेत आणि सातव्याची किल्ली शोधत ती जगं पालथी घालतेय. पुस्तक प्लास्टिकमध्ये पॅक होतं. मी ते प्लास्टिक आईसमोर फाडलं आणि सवयीने, हातासरशी, शेवटची दहा पानं लाल दोऱ्याने शिवून टाकली. गाठ मारल्यावर भानावर आले. कोणापासून लपवत होते मी? ज्याला 'क' ओळखता येत नाही त्याच्यापासून? स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. दोरा मात्र तसाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, संध्याकाळचे पाच. दादा पलंगावर, भिंतीकडे तोंड. आई खाली बसून मेथी निवडत होती. मी मोठ्याने वाचत होते, जेमतेम साठावं पान. विमानतळ जवळच, सतत डोक्यावरून विमानं जातात, त्यामुळे विमान आलं की वाचन थांबवायचं ही पद्धत. मी थांबले. विमान गेलं. आणि मी पुढचं वाक्य सुरू करणार एवढ्यात दादाने कूस बदलली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला —

"सातव्या दरवाज्याला कडी नव्हतीच."

स्वच्छ. एकही अक्षर न अडखळता.

आणि मी काय म्हणावं? "दादा, शेवट सांगू नकोस ना!" नऊ वर्षांच्या सोनलच्या आवाजात. आईच्या मांडीवरची मेथी सगळीकडे सांडली. "अगं सोनल, बोलला! माझं लेकरू बोललं!" मग आम्ही तिघं एकमेकांना धरून इतकं रडलो की शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटलं काहीतरी वाईट झालं. आईने कॅलेंडरवर, जिथे ती सिलिंडर लावल्याची तारीख लिहिते, तिथे त्या रविवारच्या चौकोनात ते वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं. लेकराचे पहिले शब्द म्हणून.

मला वाटलं, अंदाज केला असेल, हुशारच आहे तो. शिवाय दादा बोलला होता, पुस्तकाचं कोणाला पडलंय! मॅडमही म्हणाल्या, "असं एखादं अख्खं वाक्य कधीकधी निसटून येतं." त्यानंतर तो एकेक शब्द बोलू लागला. पाणी. आई. चहा. बास. आम्ही रोज संध्याकाळी वाचत राहिलो आणि दीड महिन्याने दोऱ्यापाशी पोचलो. लाल टाके जसेच्या तसे, माझीच गाठ. आईच्या देखत कात्रीने कापले आणि वाचायला लागले. शेवटचं पान, शेवटची ओळ.

"सातव्या दरवाज्याला कडी नव्हतीच."

पुस्तक घेऊन कॅलेंडरपाशी गेले, महिना उलटला, बोट ठेवून एकेक शब्द जुळवला. 'नव्हतीच'मधल्या 'च'सकट तेच. आईने नुसते हात जोडले. आणि दादा? दादा पलंगावर बसून हसत होता. शेवट फोडून आमटी मागताना हसायचा ना, अगदी तसाच.

मी टेस्टर आहे, सोडते की काय! सगळं तपासलं. पुस्तक नुकतंच आलेलं, तोपर्यंत कुठे परीक्षण नाही, लेखकाने ही ओळ आधी कुठे टाकलेली नाही. दादाला फोन वापरता येत नव्हता. त्या तीन दिवसांत त्याच्याकडे ना कोणी मित्र आला, ना कोणाचा फोन. अंदाज म्हणावं, तर तिन्ही भागांत सगळे कुलूप आणि किल्लीबद्दल बोलतात. 'कडी' हा शब्द त्या शेवटच्या ओळीआधी कुठेच नाही. मी पान न् पान बघितलंय.

आता दादा छोटी छोटी वाक्यं बोलतो. परवा धीर करून विचारलं, "दादा, तुला कळलं कसं रे?"

त्याने बराच वेळ शब्द गोळा केले. "मी... शेवटचं पान... आधी वाचतो. माहितीये ना?"

"अरे, पण मी शिवलं होतं!"

तो माझ्याकडे बघत राहिला, मलाच काही समजत नसल्यासारखा. मग हळूच म्हणाला, "तिकडे... दोरा नव्हता."

तिकडे म्हणजे कुठे? ते सात महिने तो कुठे होता, तिथे काय काय वाचलं त्याने? हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. कोणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर कळवा. एवढंच कळतं, की तो वाचत होता... आम्ही इकडे मांजराची कार्डं दाखवत होतो आणि तो वाचत होता.

काल एक नवा थ्रिलर आणला. सुईत दोरा ओवला, पुस्तक मांडीवर घेतलं. दादा बघत होता. मग मी सुई परत डब्यात ठेवली आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं.