घास मोजू नये

"उठ बे."

सकाळी जिममध्ये हे दोन शब्द कानावर आले की समजायचं, भाऊंचा उजवा पाय झोपला. इलिप्टिकल नावाचं ते यंत्र तुम्ही पाहिलं असेल. उभ्या उभ्या हातपाय मागंपुढं चालवायचे, घाम गाळायचा आणि कुठंही पोचायचं नाही. त्यावर भाऊ अगदी रंगात आले की एकाएकी थांबायचे, उतरून बाकावर बसायचे, बूट काढायचे आणि पावलावर दोन चापट्या द्यायचे. शाळेची वेळ झाली तरी न उठणाऱ्या पोराला माय देते तशा. "उठ बे. कामाच्या वक्तीच बरा झोपतं तू." मग बोटं हलवून बघायची, पुन्हा बूट चढवायचा, नाडी करकचून आवळायची आणि यंत्रावर परत.

जिममध्ये सगळे त्यांना भाऊच म्हणत. आमच्या अमरावतीत कोणालाही भाऊ म्हणतात, त्यासाठी ओळख लागत नाही. वय पंचावन्नच्या पुढं, अंगानं भरभक्कम. शेअर ऑटोत भाऊ बसले की ऑटोवाला आणखी गिऱ्हाइकाची वाट पाहायचा नाही. बियाणं-खतांचं दुकान, गावाकडं थोडी काळी जमीन, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा पुण्याला नोकरीत. जेवणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत नाव. रोडग्यांच्या पंगतीत भाऊ दिसले की तूपवाला त्यांच्याच जवळ उभा राहायचा, तेवढ्याच येरझारा वाचतात म्हणून.

अशा माणसाला या वयात व्यायामाचं वेड कशानं लागलं, ते मला कळेना. मी वकील. मला कोलेस्टेरॉलनं तिथं धाडलं होतं आणि मी रोज मनातल्या मनात डॉक्टरला शिव्या देत यायची. भाऊ मात्र जिमचं शटर उघडायच्या आधी दारात उभे.

यंत्रावर चढण्याआधी ते आदल्या दिवशीचं सगळं खाणं मोबाइलमध्ये भरायचे. कॅलरी मोजणारं अ‍ॅप होतं. चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब. "वकीलबाई, हे म्हनते एक मध्यम पोळी. मध्यम म्हंजे कोनाच्या घरची मध्यम?"

 उत्तर त्यांनीच शोधलं. दुकानात बियाणं तोलायचा काटा होता, त्यावर ते डब्यातली भाकरी तोलू लागले. गिऱ्हाईक तुरीचं बियाणं मागायला यायचं आणि भाऊ काट्यावर भाकरी ठेवून आकडा स्थिर व्हायची वाट पाहत असायचे. कढी-गोळे अ‍ॅपला सापडेनात, तेव्हा "हे इकडचं नाई वाट्टे बिचारं," म्हणून त्यांनी त्याला माफ केलं आणि कढी वेगळी, डाळीचे गोळे वेगळे असं भरलं. चहातली साखर, चिवड्याची मूठ, गिऱ्हाइकानं आग्रहानं खाऊ घातलेला गिला वडा, काही म्हणून सोडायचे नाहीत.

इतकं करून वजन जागचं हलेना. यंत्र म्हणायचं, खूप जाळलं. अ‍ॅप म्हणायचं, कमी खाल्लं. वजनकाटा एकटाच उलटी साक्ष द्यायचा. माझा धंद्यातला अनुभव असा की अशा वेळी तो एकटाच बहुधा खरा असतो. पण भाऊ खोटं बोलणाऱ्यातले वाटत नव्हते.

पायाचं कारण मात्र मला दिसलं. एकदा ते बाकावर बसले असताना मी बूट उचलून पाहिला. पुढून निमुळता, बोटांना जागाच नाही.

"भाऊ, हा तुम्हाला लहान होतो. व्यायामात पाऊल फुगतं, मुंग्या येणारच. मोठा घ्या."

"घेता नाई येत."

"का?"

"बहिनीनं देल्ला."

धाकटी बहीण अकोल्याला दिलेली. दादा व्यायाम करतो हे ऐकून तिनं हौसेनं बूट आणले होते. माप तिनं आठवणीतून घेतलं, आणि आठवणीतला दादा तरुण, सडपातळ होता. तिला सांगून टाका की, असं मी म्हटलं. भाऊंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना बहिणीवर दावा लावायला सांगत होते.

पुढं एका दुपारी ते माझ्या ऑफिसात आले. रुमालानं मान पुसली, पाणी प्यायले, ग्लास जपून ठेवला आणि म्हणाले, "किडनी द्याची असली तं कागदं का का लागते?"

"कोणाला द्यायची?"

"बहिनीले."

तेव्हा मला सगळं कळलं. बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि ती डायलिसिसवर होती. नवऱ्याला साखर, म्हणून त्याची चालेना. मुलीनं विषय काढला तर "माह्यासाठी कोनाचं पोट फाडाचं नाई" म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. भाऊंनी तिच्या नकळत नागपूरला जाऊन तपासण्या करून घेतल्या. सगळं जुळत होतं, एक वजन तेवढं आडवं आलं. हे उतरवून या, मग पुढचं बोलू, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि आता दुसऱ्यांदाही तेच म्हणाले.

"तिला कधी सांगणार?"

"आधी माल तयार होऊ द्या, मंग गिऱ्हाइकाले दाखवू. आता सांगतलं तं ती नाई म्हनन. अन् तिची तब्येत तं थांबून नाई राह्यली माह्यासाठी."

मला भरून आलं. पण वकिलीत इतकी वर्षं गेल्यावर भरून आलं तरी तोंडातून उलटतपासणीच निघते.

"सोमवार ते शनिवार तुम्ही काय खाता ते मला पाठ आहे. रविवारी काय खाता?"

"रविवारी तं मी अकोल्याले राह्यतो."

"तिथं काय खाता?"

भाऊ खिडकीबाहेर पाहू लागले. "तिच्या घरचं मी त्याच्यात भरत नाई."

"का?"

"घास मोजू नये, वकीलबाई. मायनं शिकवलं. वाढनाऱ्याची बरकत जाते."

 मीही त्याच मुलखात वाढले. आमच्याकडं पोळ्या करणारी बाई पोळ्या मोजत नाही आणि जेवणाऱ्याच्या ताटाकडं हिशेबानं पाहणं हा उद्धटपणा समजतात. स्वतःच्या डब्यातली भाकरी भाऊ बियाण्यासारखी तोलत होते. पण बहिणीनं वाढलेली भाकरी काट्यावर चढवायची, हे त्यांच्या बुद्धीत बसतच नव्हतं. त्यांनी लपवलं नव्हतं. ते खाणं त्यांच्या लेखी मोजायच्या जातीचंच नव्हतं.

"नुसतं चाखायचं ना मग."

"ती सोताच काई खाऊ शकत नाई न. मीठ बंद, टमाटे बंद, पानीबी वाटीनं मोजून. पन रांधाची हौस गेली नाई. समोर बसते अन् इचारते, दादा, मीठ बरोबर हाय का? ती माह्या तोंडानं जेवते, वकीलबाई. मी हात आखडला तं ती उपाशी राह्यते."

आठवडाभर यंत्रावर गाळलेला घाम रविवारच्या एका ताटात भरून निघत होता. बहिणीला वाचवायला निघालेल्या माणसाला तीच आपल्या हातानं, कढईभर मायेनं मागं ओढत होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. ते ऐकून मला भाऊंचा राग आला, तिचा आला, आणि मग कोणाचाच येईना.

"भाऊ, सांगावं तर लागेलच."

"तुमी चाला संगं. तुमच्यासमोर सांगतो."

रविवारी आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरली. एरवी डब्यातल्या अनोळखी माणसालाही पिकाचं विचारणारे भाऊ, मूर्तिजापूर गेलं तरी गप्प. मधूनच ओठ हलत होते. कोर्टात पहिल्यांदा उभा राहणारा साक्षीदार असाच वाक्य घोकत येतो आणि पिंजऱ्यात गेल्यावर तेच नेमकं विसरतो.

बहीण दारातच होती. भाऊंचाच चेहरा, पण ओसरलेला. हाताला सुया टोचून टोचून गाठी आलेल्या. भाऊंनी बूट-मोजे काढले, पाय धुतले आणि पाटावर बसले. ताट आलं. वांग्याची भाजी, वर तेलाचा तवंग, ठेचा, कढी-गोळे आणि भाकऱ्यांची चळत. मला वेगळं ताट होतं. भाऊंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग ताटाकडं, आणि भाकरी मोडायला हात पुढं केला. मी समजले, साक्षीदार फुटला.

तेवढ्यात तिचं लक्ष त्यांच्या पायाकडं गेलं.

"दादा, नख काळं काहून पडलं?"

"काई नाई. मशीनवर होते तसं."

ती वाकली. अंगठा दाबून पाहिला, मग उठून दारातला बूट घेऊन आली आणि पावलाला लावून धरला. पाऊल दोन्ही अंगांनी बाहेर.

"हा लहान होते तुले."

भाऊंनी पाय ओढून घेतला.

"इतके दिवस घालून राह्यला, अन् सांगतलं नाई?"

"तू देल्ला होता न."

ती तशीच बूट हातात धरून त्यांच्यासमोर बसली. बोलली ती हळूच. "अजून का का नाई सांगतलं मले?"

मग भाऊंनी सांगितलं. घोकलेल्यातलं एकही वाक्य आलं नाही. नागपूर, तपासण्या, वजन, सगळं उलटंपालटं आलं. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "मी नाई म्हनलं होतं." भाऊ म्हणाले, "तू पोरीले नाई म्हनलं. मले कुठं इचारलं?" त्यावर ती रडेल असं मला वाटलं, पण ती रागावली. कोणाला विचारून गेला, काही झालं तर मी तोंड कोणाला दाखवू, असं बरंच बोलली. भाऊंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. बोलता बोलता तिची नजर ताटावर गेली आणि ती एकदम थांबली.

"म्हंजे मी दर रविवारी..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही.  कढीवर साय धरली.

मग तिनं हात पुढं केला, ताटातली भाकऱ्यांची चळत उचलून टोपल्यात ठेवली आणि त्यातली एक परत भाऊंच्या ताटात वाढली.

"एक," ती म्हणाली. टोपल्यावर फडकं टाकलं आणि त्यावर हात ठेवला. "पुरे."

तिच्या घरात असं कोणाला कधी म्हटलं गेलं नसेल.  तो होकार होता, हे भाऊंना कळलं आणि मलाही. त्यांनी ती एक भाकरी इतकी सावकाश खाल्ली की माझं जेवण होऊन हात वाळला.

"मीठ?" तिनं विचारलं.

"बरोबर हाय," भाऊ म्हणाले.

निघताना तिनं दोऱ्यानं त्यांचं पाऊल मापून घेतलं. नवे बूट ऐसपैस आले. पाय झोपेनासा झाला, "उठ बे" बंद झालं, आणि खरं सांगते, सकाळी चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. वजन मात्र उतरू लागलं. एके दिवशी भाऊंनी यंत्राच्या दांड्यावर हात ठेवला, देवळातून निघताना उंबऱ्याला लावतो तसा, आणि गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या यंत्रावर आता एक कॉलेजची मुलगी असते. तिचा पाय कधी झोपत नाही आणि ती माझ्याशी बोलतही नाही.

ऑपरेशननंतर भाऊ अकोल्यालाच राहिले. दुकान पुतण्याकडं दिलं. मी मधे भेटून आले, ऐन उन्हाळ्यात. अकोल्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. बहिणीनं मला आग्रह करकरून वाढलं आणि भाऊंच्या ताटात मोजून एक भाकरी टाकली. ते माझ्याकडं पाहून हसले. कोणीतरी आपले घास मोजतंय याचं त्यांना केवढं अप्रूप होतं.

जेवणं झाल्यावर तिनं उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या घेतला. पेला काठोकाठ भरला आणि उभ्या उभ्याच गटागटा प्यायली. हनुवटीवरून ओघळलं ते पुसलं नाही. पुन्हा भरला, पुन्हा प्यायली. भाऊ हात धुवायचे थांबून नुसते पाहत होते.

तिनं आणखी एक भरला. माझ्या तोंडून सहज निघालं, "किती..."

भाऊंनी ओला हात वर करून मला थांबवलं.

"मोजू नका, वकीलबाई."