पाच ओळींची बरणी

प्राणिशास्त्र विभागात तिला सगळे मावशी म्हणत. एकोणतीस वर्षे तिने नमुन्यांच्या बरण्या पुसल्या, उडून गेलेले स्पिरिट भरले, सैल झाकणे मेण लावून बंद केली. निवृत्तीच्या आदल्या दिवशी भांडारपाल नोंदवही घेऊन आला आणि कपाटागणिक बरण्या मोजू लागला. कृमींच्या कपाटात एकेचाळीस हव्या होत्या, चाळीसच निघाल्या.

"गांडुळाला पाय फुटले वाटतं, मावशी," तो म्हणाला. हसला, पण सही केली नाही. सहीवाचून तिची सुटका नव्हती, आणि बरणी हरवल्याचा शेरा तिच्या नावाला जन्मभर चिकटला असता.

बरणी कुठे आहे हे तिला ठाऊक होते. अडचण तीच होती. सहा वर्षांपूर्वी स्पिरिट बदलताना मागच्या रांगेतला एक लांबट, जाडसर नमुना तिने तळहातावर घेतला होता. चिठ्ठीवरचे नाव पुसून नुसता आकडा उरला होता. गांडुळाच्या अंगावर वळी असतात. याच्या अंगावर एकही नव्हते. उलट, डोक्यापासून शेपटापर्यंत बारीक पायांच्या पाच ओळी बोटांना लागल्या. पाचाचा हा मेळ तिने एकाच कपाटात पाहिला होता: तारामाशाचे पाच हात, सी-अर्चिन या गोल, काटेरी समुद्रजीवाच्या काटे झडलेल्या कवचावरचे पाच पट्टे. तिने बरणी तिकडे नेऊन ठेवली आणि कोणाला सांगितले नाही. ज्याने पुसायचे त्याने ओळखायचेही, असे त्या इमारतीत कोणी धरलेले नव्हते. तिनेही नव्हते.

दुपारी ती विभागप्रमुख मॅडमपुढे उभी राहिली. लेकीने भरून दिलेला डबा सकाळपासून तसाच होता. हलगर्जीपणाचा संशय सोसायचा की आगाऊपणाचा ठपका, हे तिने मनाशी तोलले आणि सगळे सांगून टाकले. फडताळातले डबे हलवावेत तसे नमुने हलवायचे नसतात, असे भांडारपालाने मध्येच सुनावले. मॅडमनी ती बरणी मागवली. त्यांनी नमुना बशीत काढला आणि भिंगाखाली हळूहळू फिरवला. मोजताना त्यांचे ओठ हलत होते.

"समुद्रकाकडी," त्या म्हणाल्या. "आडवी लोळते म्हणून कृमी समजलो आम्ही. तोंडाकडून बघा, तारामाशाचीच बहीण."

"म्हणजे माझं चुकलं नाही?"

"चुकली ती नोंदवही. आणि मी. बारा वर्षं त्या कपाटावरून जातेय."

भांडारपालाने एका पानावर एक बरणी कमी केली, दुसऱ्यावर एक वाढवली आणि सही केली.

"पाय होतेच म्हणायचे, मावशी."

"होते. तुम्ही मोजले नव्हते, एवढंच."

मॅडमनी कोरी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. स्पिरिटात शाई टिकत नाही, म्हणून मावशीने पेन्सिल मागितली. नाव लिहिले, त्याखाली 'पाच ओळी' असेही लिहिले, आणि झाकणाला मेण लावले. मग व्हरांड्यातल्या बाकावर बसून डबा उघडला. जेवण पार गार झाले होते. शेवटच्या घासापर्यंत तिने ते सावकाश, चवीने खाल्ले.